ध्रुवप्रदेशातील उन्हाचा जमाखर्च

जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पृथ्वीच्या कोणत्या भागाच्या वाट्याला दिवसाकाठी सर्वांत अधिक ऊन येते, असा प्रश्न कोणी केला तर बहुतेकांच्या तोंडी विषुववृत्ताचे, सहाराचे किंवा राजस्थानातील वाळवंटाचे नाव येईल. वातावरणाच्या माथ्यावर जे ऊन पोहोचते त्याचाच हिशेब केला, तर ह्या प्रश्नाचे खरे उत्तर 'उत्तर ध्रुव' असे आहे. तेथे सूर्य त्या दिवसांत मावळतच नाही. तो क्षितिजापासून साडेतेवीस अंशांहून वर चढत नसला, तरी चोवीस तासांपैकी एक क्षणही दृष्टीआड होत नाही. किरण तिरपे पडतात खरे. परंतु ते अखंड पडत राहतात. त्यामुळे २१ जूनच्या सुमारास ध्रुवाच्या वाट्याला येणारे ऊन विषुववृत्ताच्या वाट्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक भरते. डिसेंबरात हाच मान दक्षिण ध्रुवाकडे जातो.

एवढे ऊन लाभूनही ध्रुवप्रदेश थंड का? आलेल्या उन्हातील किती जमिनीत मुरते, किती आल्यापावली परत जाते, आणि जमिनीची स्वतःची ऊब आकाशात किती निघून जाते? ह्या प्रश्नांची उत्तरे केवळ तर्काने मिळत नाहीत. ती मोजूनच काढावी लागतात. हे मोजमाप म्हणजेच भूपृष्ठावरील प्रारणाचे मापन होय.

'प्रारण' ह्या शब्दाने दचकून जाण्याचे कारण नाही. अणुस्फोटाशी निगडित असलेला घातक किरणोत्सर्ग येथे अभिप्रेत नाही. पेटलेल्या चुलीसमोर बसणाऱ्याच्या तोंडावर जी धग येते, दिवसभर तापलेल्या दगडी भिंतीजवळून सायंकाळी जाताना जी ऊब जाणवते, ते प्रारणच. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार अशी ऊर्जा सतत बाहेर टाकीत असतो. सूर्य अतिशय तप्त असल्यामुळे त्याचे प्रारण आखूड तरंगांचे असते आणि त्यातील बराच भाग डोळ्यांना दिसतो. जमीन, बर्फ, ढग आणि हवा ही सूर्याच्या मानाने थंड असल्यामुळे त्यांचे प्रारण लांब तरंगांचे, म्हणजे अवरक्त असते. ते डोळ्यांना दिसत नाही. पहिल्यास लघुतरंग आणि दुसऱ्यास दीर्घतरंग प्रारण म्हणतात.

भूपृष्ठाच्या खातेवहीत अशा प्रकारे चार रकमा येतात. आकाशातून खाली येणारे लघुतरंग प्रारण ही पहिली जमा, आणि हवेकडून व ढगांकडून खाली येणारे दीर्घतरंग प्रारण ही दुसरी. पृष्ठभागावरून परावर्तित होणारे ऊन हा पहिला खर्च, आणि पृष्ठभागाने स्वतः वर टाकलेले दीर्घतरंग प्रारण हा दुसरा. जमेतून खर्च वजा जाता जी शिल्लक उरते, तिच्यावर बर्फ वितळणार की साचणार, जमीन तापणार की निवणार, हे फार मोठ्या अंशी अवलंबून असते. अडचण अशी, की चारही रकमा मोठ्या आणि शिल्लक मात्र लहान. शेकडो वॅटच्या उलाढालीतून पाच-दहा वॅटांचा फरक शोधावयाचा, आणि तोही कडाक्याच्या थंडीत, ही ह्या कामातील खरी कसोटी आहे.

ही कसोटी प्रत्यक्ष कशी पार पाडली जाते, हे पाहण्यासाठी नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ऑलेसुंड ह्या वसाहतीकडे वळणे सोयीचे होईल. हे ठिकाण सुमारे ७८.९ अंश उत्तर अक्षांशावर, कोंग्सफ्योर्ड नावाच्या खाडीच्या काठी वसले आहे. मुळात हे कोळशाच्या खाणीचे गाव. १९२६ साली रोआल्ड आमुंडसेन ह्यांची मोहीम 'नोर्गे' नावाच्या हवाई जहाजातून येथूनच निघून उत्तर ध्रुवावरून पलीकडे गेली. १९६२ मध्ये येथील खाणीत झालेल्या स्फोटात २१ कामगार मृत्युमुखी पडले, आणि पुढच्याच वर्षी खाणकाम कायमचे थांबले. त्यानंतर हे गाव हळूहळू संशोधकांचे झाले. नॉर्वे, जर्मनी, फ्रान्स, जपान, चीन, इटली इत्यादी देशांप्रमाणे भारताचेही 'हिमाद्री' हे केंद्र येथे १ जुलै २००८ रोजी सुरू झाले.

येथील सूर्याची ये-जा आपल्या कल्पनेपलीकडची आहे. साधारणपणे १८ एप्रिलपासून २४ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही. आणि २४ ऑक्टोबरच्या सुमारास जो क्षितिजाखाली जातो, तो १८ फेब्रुवारीच्या सुमारासच परततो. त्यानंतरही सभोवारच्या डोंगरांमुळे गावात प्रत्यक्ष किरण पोहोचण्यास आणखी काही दिवस जातात. भर उन्हाळ्यातील दुपारीसुद्धा सूर्याची उंची सुमारे साडेचौतीस अंशांपलीकडे जात नाही.

ह्या ठिकाणी जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने ऑगस्ट १९९२ पासून भूपृष्ठावरील प्रारणाची अखंड नोंद चालविली आहे. त्याच वर्षी जागतिक हवामान-संशोधन कार्यक्रमाच्या आश्रयाखाली अशा केंद्रांचे एक जागतिक जाळे कार्यान्वित झाले, आणि न्यू-ऑलेसुंड हे त्यातील आरंभीच्या केंद्रांपैकी एक होय. ध्रुवप्रदेशापुरते बोलावयाचे तर अलास्कातील बॅरो, अंटार्क्टिकावरील नॉयमायर व स्योवा, तसेच प्रत्यक्ष दक्षिण ध्रुव येथील केंद्रेही ह्या जाळ्यात आहेत. सर्वत्र एकाच शिस्तीने, दर सेकंदाला मोजून दर मिनिटाची सरासरी नोंदवावयाची, असा येथील दंडक आहे.

मोजण्याची उपकरणे दिसावयास अगदी साधी असतात. सूर्यप्रारण मोजणाऱ्या पायरॅनोमीटरमध्ये काळ्या लेपाची एक लहानशी चकती असते आणि तिच्यावर काचेचे दोन अर्धगोल घुमट, एकावर एक, पालथे घातलेले असतात. ऊन पडताच काळी चकती तापते. तिच्याखाली दोन भिन्न धातूंच्या जोडांची माळ असते. जोडाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड राहिली, की तीत सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो. झेबेक ह्या शास्त्रज्ञाने हा गुणधर्म १८२१ साली दाखवून दिला. दर चौरस मीटरवर पडणाऱ्या एका वॅटमागे हा दाब साधारणपणे व्होल्टचा एक लक्षांश इतकाच असतो. पण तेवढ्यावरून आजची उपकरणे उन्हाचे माप सांगू शकतात.

असे एक उपकरण आकाशाकडे तोंड करून ठेवतात, तर दुसरे जमिनीकडे तोंड करून उलटे टांगतात. पहिले येणारे ऊन मोजते आणि दुसरे परत जाणारे. ह्या दोहोंच्या गुणोत्तरास 'आल्बेडो' असे म्हणतात. शिवाय सूर्याचा दिवसभर पाठलाग करणाऱ्या एका स्वयंचलित यंत्रावर आणखी दोन उपकरणे बसविलेली असतात. एक नळीसारखे असून नेमके सूर्यबिंबाकडे रोखलेले असते. ते केवळ थेट किरण मोजते. दुसऱ्याच्या घुमटावर एक लहान काळा गोळा सतत सावली धरतो, त्यामुळे ते केवळ आकाशातून विखुरलेला प्रकाश मोजते. थेट किरणांचा आडव्या पृष्ठभागावर पडणारा भाग आणि हा विखुरलेला प्रकाश ह्यांची बेरीज पहिल्या उपकरणाच्या आकड्याशी जुळली पाहिजे. तीन साक्षीदारांची साक्ष एकमेकांशी पडताळून पाहण्यासारखाच हा प्रकार आहे.

दीर्घतरंग प्रारणासाठी पायरजिओमीटर नावाचे वेगळे उपकरण लागते. त्याचा घुमट काचेचा नसून सिलिकॉनचा असतो आणि त्याच्यावरील विशेष लेप सूर्यप्रकाशास अडवून अवरक्त किरणांना आत सोडतो. येथे एक गुंतागुंत अशी, की मोजणारे उपकरण स्वतःही प्रारण बाहेर टाकीतच असते. म्हणून त्याचे स्वतःचे तापमान अचूक नोंदवून, १८७९ साली श्टेफान ह्यांनी मांडलेल्या आणि पुढे बोल्ट्समान ह्यांनी सिद्ध केलेल्या नियमाने तो भाग हिशेबात घ्यावा लागतो. ह्या नियमानुसार ३० अंश सेल्सिअस तापमानाचा आदर्श पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ४८० वॅट ऊर्जा बाहेर टाकतो, तर उणे ३० अंशांवरील पृष्ठभाग सुमारे २०० वॅट. बर्फाची गंमत अशी, की डोळ्यांना तो पांढराशुभ्र दिसत असला तरी अवरक्त किरणांच्या दृष्टीने तो जवळजवळ काळाच आहे. उन्हाला तो परतवून लावतो. मात्र स्वतःची ऊब राखून ठेवणे त्याला साधत नाही.

उपकरणे साधी असली तरी त्यांना ध्रुवप्रदेशात नेकीने वागविणे सोपे नाही. पहिला प्रश्न समपातळीचा. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना उपकरण एका अंशाने जरी कलले, तरी थेट उन्हाच्या मापात सुमारे एक दशांशाची चूक होते. आणि तेथे तर सूर्य बहुतेक काळ खालीच असतो. उन्हाळ्यात वरचा थर वितळून पुन्हा गोठणाऱ्या भूमीत खांब सरळ राहतो की नाही, हे वारंवार तपासावे लागते. दुसरा प्रश्न पायाखालच्या बर्फाचा. उलट्या टांगलेल्या उपकरणाखालील हिम जसेच्या तसे राहिले पाहिजे. त्यावर पावलांचे ठसे उमटले तर त्याचे परावर्तन बदलते. म्हणून तेवढ्या तुकड्यात कोणी पाऊल टाकावयाचे नाही, असा संकेत पाळावा लागतो.

तिसरा प्रश्न विचित्र वाटेल. अंधार असताना सूर्यप्रारणाचे उपकरण शून्य दाखविण्याऐवजी शून्याहूनही थोडे कमी दाखविते! ह्याचे कारण असे, की निरभ्र रात्री वरचा घुमट आकाशाकडे ऊब टाकून थंड होतो आणि आतील चकतीची ऊब ओढून घेतो. ह्या ठिकाणी ध्रुवावरील दीर्घ रात्र उपयोगी पडते. जवळजवळ चार महिने सूर्याचे माप शून्य असणार हे निश्चित ठाऊक असल्यामुळे उपकरणाच्या अंगी असलेली चूक किती, हे तेवढ्या काळात नीट पारखून घेता येते.

परंतु सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घुमटावर जमणारा बर्फाचा पातळ थर. कोरडे, निरभ्र आकाश अवरक्त किरणांच्या दृष्टीने फार थंड असते. उपकरणाला ते थंड आकाश दिसावयास हवे. घुमटावर बर्फ साचला की त्याला आकाशाऐवजी त्या बर्फाचीच ऊब दिसते आणि आकडा वाढतो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर काचेवरचा बर्फ उपकरणाला ढगासारखा भासतो. आता, हवामान उबदार होत आहे की काय हे ज्या आकड्यांवरून ठरवावयाचे, त्यांत अशी लबाड ऊब शिरली तर केवढा अनर्थ होईल, हे सांगावयास नको. म्हणून घुमटाभोवती पंख्याने सतत हवा खेळती ठेवतात, प्रसंगी ती किंचित गरम करतात, आणि निरीक्षक स्वतः जाऊन घुमट तपासून पुसतो. ह्या एकाच प्रश्नासाठी २०१७-१८ मध्ये अलास्कातील बॅरो येथे निरनिराळी उपकरणे वर्षभर शेजारी-शेजारी मांडून त्यांची तुलना करण्यात आली, आणि हवा सतत खेळती ठेवल्यास बर्फ बहुतांशी रोखता येतो असे दिसून आले. बर्फाळ रात्री कंदील घेऊन बाहेर पडावे आणि काच पुसून परत यावे, ह्या कामाला कोणी मोठे शास्त्र म्हणणार नाही. पण त्यावाचून पुढचे सारे शास्त्र खोटे ठरेल.

वजनमापांना ज्याप्रमाणे सरकारी छाप लागतो, त्याचप्रमाणे ह्या उपकरणांनाही प्रमाणाची आवश्यकता असते. एका देशाचा वॅट आणि दुसऱ्या देशाचा वॅट वेगळा निघाला तर जागतिक जमाखर्च कसा जुळावा? ह्यासाठी स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथील जागतिक प्रारण-केंद्रात प्रमाणभूत उपकरणांचा एक संच जपून ठेवला आहे. त्यांतील काळ्या पोकळीत शिरलेले ऊन जेवढी उष्णता देते, तेवढीच उष्णता विजेने निर्माण करून उन्हाचे माप ठरविले जाते. दर पाच वर्षांनी निरनिराळ्या देशांची उपकरणे तेथे नेऊन एकाच उन्हात पडताळली जातात. भारतात हे काम पुण्याशी निगडित आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात देशभर सूर्यप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्यात हवामान खात्यातील विदुषी अ‍ॅना मणी ह्यांचा वाटा मोठा होता. ही उपकरणे देशातच तयार व्हावीत आणि त्यांचे प्रमाणीकरण काटेकोर असावे, हा आग्रह त्यांनी धरला. मोजमाप चुकीचे असण्यापेक्षा ते नसलेले बरे, ही वृत्तीच अशा कामाचा पाया असते.

आता ह्या नोंदींनी काय दाखविले, ते पाहू. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी शेकडा ८० ते ९० भाग परत पाठविते. हिम गेल्यावर उघडी पडलेली तेथील भूमी शेकडा १० ते २० भागच परत करते. समजा, दर चौरस मीटरवर ४०० वॅट ऊन पडत आहे. हिम असताना त्यातील सुमारे ६० वॅट मुरतात. हिम वितळले की सुमारे ३४०. आकाश तेच, सूर्य तोच. पण जमिनीची मिळकत काही दिवसांत पाचपटीहून अधिक होते. उन्हाळ्याच्या तोंडी हिम आठवडाभर आधी वितळले, तर वर्षातील सर्वांत अधिक उन्हाचे सात दिवस जमिनीच्या पदरात पडतात. थोडी ऊब हिम हटविते आणि हटलेले हिम अधिक ऊब आणते, असे हे चक्र आहे.

हिवाळ्याची गोष्ट मात्र वेगळी. तेव्हा सूर्य नसतो. त्यामुळे खात्यात केवळ दीर्घतरंग प्रारणाची देवघेव उरते. थंडीच्या दिवसांत आभाळ भरून आले की गारठा कमी होतो, हे आपल्याकडील शेतकरीही जाणतो. ध्रुवरात्रीत हा फरक फार ठळक होतो. ऑक्टोबर १९९७ पासून वर्षभर कॅनडाचे एक बर्फभेदक जहाज आर्क्टिक महासागरातील बर्फात मुद्दाम अडकवून ठेवण्यात आले होते. तेथील मापनांत असे आढळले, की निरभ्र आकाशाखाली पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ४० वॅट गमावीत असे. ढग दाटून आले की हा तोटा जवळजवळ शून्यावर येई. ढग हे तेथले घोंगडे होय. जे ढग उन्हाळ्यात सावली धरतात, तेच हिवाळ्यात पांघरूण घालतात.

न्यू-ऑलेसुंड येथील १९९३ ते २०१३ ह्या काळातील नोंदींचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा वार्षिक सरासरी तापमान दर दशकात सुमारे १.३ अंशांनी वाढल्याचे दिसले. आणि हिवाळ्यातील वाढ ह्याहून कितीतरी अधिक, म्हणजे दर दशकात सुमारे ३.१ अंश इतकी होती. हिवाळ्यातील तापमान वर्षागणिक फार खालीवर होत असल्यामुळे ह्या आकड्याभोवती अनिश्चिततेचे वलय मोठे आहे. तरी वाढीचा रोख स्पष्ट आहे. सूर्यच नसलेल्या ऋतूत सर्वांत अधिक ऊब वाढावी, ह्याचा अर्थ ती उन्हाने आणलेली नव्हे. अटलांटिक महासागरावरून येणारी उबदार, दमट हवा आणि तिच्याबरोबरचे ढग ह्यांचा त्यात मोठा भाग आहे, असे संशोधकांनी दाखविले आहे. हवेतील उष्मा व बाष्प वाढले की खाली येणारे दीर्घतरंग प्रारण वाढते, आणि पायरजिओमीटरच्या आकड्यात ते उमटते.

उपग्रहांच्या ह्या युगात जमिनीवरून मोजण्याची गरज काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उपग्रह वरून पाहतो. भूपृष्ठावर काय पोहोचले ते त्याला अनुमानाने काढावे लागते. शिवाय खाली पांढरा बर्फ आणि वर पांढरा ढग, अशा ठिकाणी एकापासून दुसरा ओळखणे त्याला अवघड जाते. औद्योगिक युगाच्या आरंभापासून हवेत वाढलेल्या कार्बन डायॉक्साइडमुळे पृथ्वीच्या ताळेबंदात पडलेला फरक दर चौरस मीटरमागे सरासरीने सुमारे दोन वॅट आहे. इतक्या सूक्ष्म फरकांच्या बाबतीत उपग्रहाच्या अनुमानाला जमिनीवरील साक्षीची जोड लागतेच.

भारताच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. डिसेंबर १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली, आणि आज देशाच्या ध्रुवीय संशोधनाची सूत्रे गोव्यातीलच वास्को येथील राष्ट्रीय केंद्राकडे आहेत. आर्क्टिकमधील बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, ह्याचा शोध भारतीय शास्त्रज्ञ घेत आहेत. हिमाद्री केंद्रावर पूर्वी मुख्यतः उन्हाळ्यात काम चाले. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तेथे गेली. ऊब सर्वांत वेगाने वाढत असलेला ऋतू हिवाळाच असल्यामुळे ह्या निर्णयाचे महत्त्व सहज ध्यानी यावे.

कोळशासाठी जे गाव वसले, तेथेच आज कोळशाच्या धुराने पृथ्वीच्या ताळेबंदात घडविलेला फरक मिनिटामिनिटाने नोंदविला जात आहे. ह्या नोंदीचे मोल तिच्या अखंडपणात आहे. राहून गेलेला प्रयोग पुन्हा करता येतो. परंतु न मोजलेला दिवस पुन्हा मोजता येत नाही. तीन दशकांहून अधिक काळ एकामागून एक बदलत गेलेल्या निरीक्षकांनी एकच काम तशाच काळजीने चालू ठेवले, म्हणूनच एका गोठलेल्या खाडीकाठची ही वही जगाच्या उपयोगी पडत आहे.